जगू धुरीचा जिवंत बाप

भांडायला निघण्याआधी जगू धुरी केस विंचरायचा. घाईने नाही. दारामागे खिळ्याला टांगलेल्या आरशासमोर उभं राहून, ओल्या हाताने केस दाबून, डावीकडे भांग पाडून, पुढचा कोंबडा नीट बसवून. मग कंगवा पँटच्या मागच्या खिशात जायचा आणि जगू जिना उतरू लागायचा. तो असा उतरताना दिसला की इमारतीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. आज कोणाची तरी वाट लागणार हे त्यांना कळायचं.

"आधी भांग, मग भांडण," तो मला सांगायचा. "सुध्या, विस्कटलेल्या डोक्याने गेलास ना, तर समोरचा समजतो, हा रागात आलाय, जरा वेळाने थंड होईल. विंचरून गेलास की त्याला कळतं, हा ठरवून आलाय."

हे ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची चार मजल्यांची इमारत होती. मी बँकेत कारकून, सडाफटिंग, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. शेजारच्या खोलीत जगू, त्याची बायको मंदा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. जगू विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. मंदा घरी डबे करायची. इमारतीतली निम्मी घरं आणि आमच्या बँकेतले चार-पाच जण तिच्या हातचं जेवायचे. मीही त्यातलाच. तिच्या हातची सुरमईची कढी ज्याने खाल्ली नाही, त्याच्याशी मी जेवणाबद्दल बोलत नाही.

जगूची भांडणं स्वतःसाठी क्वचितच असायची. एकदा रेशन दुकानदाराने "रॉकेल संपलं" म्हणून फळी खाली ओढली. बायका रिकामे डबे घेऊन उन्हात उभ्या होत्या. जगू रात्रपाळी करून झोपला होता, त्याला कोणीतरी उठवलं. लेकाने आधी केस विंचरले, मग जाऊन दुकानाच्या मागच्या बोळात उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "शेठ, संपलेलं रॉकेल इथे पिंपात ठेवलंय. वास येतोय, जरा बघा!" दुकानदाराने फळी वर केली. जगू मात्र रांगेत थांबला नाही, घरी जाऊन परत झोपला. "तोंड काय फक्त जेवायला दिलंय देवाने?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

अशा माणसाला इमारतीने गप्प बसवलं. त्याची गोष्ट मला सांगायची आहे, आणि आधीच कबूल करतो, इतक्या वर्षांनीही ती मला शांतपणे सांगता येत नाही.

जगूच्या गळ्याशी गाठ आली. आधी सर्दीची म्हणून सोडून दिली, मग ती वाढली, मग काखेत दुसरी आली. परळच्या मोठ्या इस्पितळात मीच त्याच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. गाठींचा कॅन्सर आहे, पण हा प्रकार बरा होणाऱ्यांतला आहे, औषधं जबर आहेत, केस जातील. जगूने हाताने पुढचा कोंबडा दाबला. मग त्याने विचारलं, "केस परत येतील?"

डॉक्टर हसले. "येतील. आधी तू तर वाच."

"वाचेन हो," जगू म्हणाला. "केसांचं नक्की सांगा."

पहिल्या औषधाला त्याला दाखल करून घेतलं आणि मध्ये ताप चढला म्हणून जवळजवळ महिनाभर ठेवून घेतलं. मंदाने इमारतीत सांगितलं, "हे गावाला गेलेत." खरं सांगायची तिची हिंमत नव्हती, आणि मी तिला दोष देत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना दोन वर्षांपूर्वी हाच रोग झाला होता. तेव्हा शेजारणींनी त्यांच्याकडचं हळदीकुंकू बंद केलं होतं. त्यांची मुलगी गणपतीचा प्रसाद घेऊन आली, तर लोकांनी तो दाराआड झाडाच्या कुंडीत टाकला होता. मंदाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "भाऊजी," ती मला म्हणाली, "कॅन्सरच्या घरचा डबा कोण खाईल? ह्यांना बिनपगारी रजा आहे. डबे बंद झाले तर मुलींना काय घालू?"

इस्पितळात एका सकाळी जगूने सवयीने केसांतून कंगवा फिरवला आणि केस कंगव्याबरोबर निघून आले. मी समोर बसलो होतो. त्याने कंगव्याकडे पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला, तर हातातही तेच. मिशीसुद्धा बोटाला लागून येत होती. "च्यायला, हे तर न भांडताच चालले," तो म्हणाला आणि उशीत तोंड घालून रडला. दुपारी इस्पितळाबाहेरच्या न्हाव्याला बोलावून त्याने उरलेलं सगळं उतरवलं. कंगवा त्याने न्हाव्यालाच देऊन टाकला.

आता बघा काय झालं. माणूस अचानक गावाला जातो. गावात त्याचा म्हातारा बाप एकटा राहतो, हे सगळ्यांना ठाऊक. महिन्याभराने तो परत येतो, तर डोकं तुळतुळीत, मिशी नाही, तोंड ओढलेलं. आपल्याकडे बाप जिवंत असताना मुलगा केस उतरवत नाही, मिशीला वस्तरा लावत नाही. तेव्हा याचा अर्थ काय तो शेंबड्या पोरालाही कळेल. जगू टॅक्सीतून उतरला तेव्हा तळमजल्यावरच्या लेलेकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि त्या म्हणाल्या, "अरेरे! कधी गेले रे?"

जगूला प्रश्नच कळला नाही. त्याला उभं राहवत नव्हतं. मी त्याला धरून जिना चढवत होतो. मागे मंदा होती. तिने काकूंकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग मान खाली घातली. तेवढ्याने म्हातारा मेला. कोणी खोटं बोललं नव्हतं.

दिवस गावीच झाले, सुतक फिटलं, डब्यालाही आता हरकत नाही, असं धरून संध्याकाळी समाचाराला रीघ लागली. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढून, चटईवर बसून, खाली बघून सुस्कारा टाकायचा. "गेले ते सुटले," "बापाचं छत्र ते छत्र," "तुम्हाला शेवटचं भेटता तरी आलं." जगू खाटेवर आडवा पडून हे ऐकत होता. त्याला जेव्हा उलगडा झाला, तेव्हा तो ताडकन उठून बसला. मंदा त्याच्या पायाशी बसली होती. तिने फक्त त्याचा घोटा धरला आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या डब्यांकडे पाहिलं. जगू परत आडवा झाला. रॉकेलवाल्याला बोळातून हाका मारणारा जगू!

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक नावाचे गृहस्थ होते. स्वच्छ धोतर, चष्मा, मंत्रालयात नोकरी. माणूस नियमाचा. जिन्याखाली एक काळा फळा होता, त्यावर पाणी कधी जाणार, सभा कधी होणार हे ते सुवाच्य अक्षरात लिहायचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: "आपले सभासद श्री. जगन्नाथ धुरी यांचे वडील कै. सोनू धुरी यांचे गावी दुःखद निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." चौकट आखून, वर 'श्रीराम' वगैरे लिहून. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली, तिथे कर्णिकांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. जगूही उभा राहिला. उभं राहायची त्याच्यात ताकद नव्हती, मी त्याच्या कमरेला धरलं होतं. आपल्या जित्याजागत्या बापासाठी तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती.

मला चीड याची येते की एवढ्या सगळ्यांतून कोणी एकानेही विचारलं नाही, जगू, तुला काय झालं? माणूस निम्म्यावर आला होता. भुवया विरळ झाल्या होत्या, ओठ आतून सोलले होते. बाप गेल्यावर कोणाच्या भुवया जातात? पण डोकं बघितलं, अर्थ लावला, समाचाराला जाऊन आलो, संपलं. आपल्या लोकांना रीत पाळता आली की माणसाकडे बघावं लागत नाही.

घरात जगू मला म्हणाला, "सुध्या, माझा बाप रोज सकाळी उठून माडांना पाणी घालतो. आणि इथे मी त्याला फळ्यावर टांगलाय."

"तू कुठे टांगलास? कर्णिकांनी टांगला," मी म्हणालो.

"मी पुसला नाही ना," तो म्हणाला.

आणि मग म्हातारा आला. जगूचं महिन्याला जाणारं पत्र दोनदा चुकलं, म्हणून सोनूकाका कोणाला न कळवता यष्टीत बसले. दुपारी मी बँकेतून लवकर आलो होतो, तर जिन्याच्या पहिल्या वळणावर एक सडसडीत काळा म्हातारा धापा टाकत उभा. खांद्यावर पिशवी, पिशवीतून सुकटाचा वास. "ओ भाऊ, जगन्नाथ धुरी खय ऱ्हवता? मी तेचो बापूस."

मी इकडेतिकडे पाहिलं. नशिबाने जिन्यात कोणी नव्हतं. मी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना जवळजवळ ओढतच वर नेलं.

जगू खाटेवर बसला होता. म्हाताऱ्याने त्याचं डोकं पाहिलं आणि दारातच थबकला. त्याचा चेहरा असा फिरला की मला वाटलं, आता हा मुलावर हात टाकतो. "केस काढलंस?" तो म्हणाला. "मी जितो आसताना? कोणाच्या नावान काढलंस रे?"

"काढले नाहीत, बाबा. गेले," जगू म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. रोग, औषध, लोकांचा समज, फळा, दोन मिनिटं. काही लपवलं नाही. म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ त्याने पिशवीचे बंद सोडले आणि बांधले. तेवढ्यात दारात लेलेकाकू आल्या, "मंदा, कोण आलंय गं?" आणि मंदा घाबरून बोलून गेली, "चुलत सासरे. गावाहून."

जगू काही म्हणणार तोच म्हाताऱ्याने हात वर केला. "व्हय, व्हय. मी तेचो काको. सोनूचो भाव."

काकू गेल्यावर जगू बापावर उखडला. म्हाताऱ्याने त्याला बोलूच दिलं नाही. "सुनेचे डबे चलतत मा? मगे मी मेलंय. लोकांनी माका रडान घेतला, तर ऱ्हवांदे तसाच. माका काय फरक पडता? तू बरो हो. मगे मी गावाक जातंय आणि मेलेलो ऱ्हवतंय."

आठवडाभर सोनूकाका स्वतःचे भाऊ होऊन राहिले. सकाळी मंदाला नारळ खवून द्यायचे, दुपारी जगूचे पाय चेपायचे, संध्याकाळी इमारतीतली माणसं त्यांच्या भावाबद्दल हळहळायला यायची ती ऐकून घ्यायचे. मला पहिले दोन दिवस हसू आलं. नंतर येईना. म्हातारा बाहेर गॅलरीत जाऊन एकटाच बिडी ओढत बसायचा आणि कोणी नाव विचारलं की क्षणभर अडायचा.

रविवारी लेलेकाकू आणि कर्णिक दोघेही आले. आदल्या दिवशी जगूला औषध दिलेलं होतं, तो पडद्याआड बादली घेऊन पडला होता. मंदाने चहा केला. काकूंनी विचारलं, "तुमचे भाऊ स्वभावाने कसे हो होते?"

"तिरसट," सोनूकाका म्हणाले. "पण मनान चांगलो. झिलावर, ह्या जग्यावर, लय जीव. शेवटाक तेका झीलच दिसा होतो..." आणि तिथे त्यांचा आवाज गेला. म्हातारा पंच्याने तोंड झाकून खराखुरा रडायला लागला.

पडदा सरकला. जगू बाहेर आला, भिंतीला धरून. आरशासमोर थांबला आणि त्याने दोन्ही हात रिकाम्या डोक्यावरून मागे फिरवले. ते बघून मी उठूनच उभा राहिलो. कित्येक आठवड्यांत तो असा आरशासमोर थांबला नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "हा माझा काका नाही. हा माझा बाप. सोनू धुरी. मेलेला नाही."

कर्णिकांनी चष्मा काढला, परत घातला. "म्हणजे? मग आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो ते कोणासाठी?"

"ते तुम्ही ठरवा. मी नव्हतं सांगितलं उभं राहायला."

"पण मग हे केस?"

"मला कॅन्सर आहे. औषधाने गेले."

लेलेकाकूंच्या हातात मंदाने दिलेला चहा होता. अर्धा प्यायलेला. त्यांनी तो कप हळूच जमिनीवर ठेवला आणि बोटांनी थोडा लांब सरकवला. मी ते पाहिलं, मंदाने पाहिलं. त्या बाईचा मला इतका राग आला की आजही कुठे सरकवलेला कप दिसला तर माझं डोकं फिरतं. मंदाच्या हातची आमटी हीच बाई गेली तीन वर्षं मिटक्या मारत खात होती.

जगूने बापाचा हात धरला. "चला, बाबा."

"खय?"

"लोकांना भेटवतो तुम्हाला."

आणि तो तसाच निघाला, बनियन आणि लेंग्यावर. आधी वर चौथा मजला, मग खाली. प्रत्येक दार वाजवायचा. दार उघडलं की म्हणायचा, "तुम्ही समाचाराला आला होतात. हा माझा बाप, जिवंत आहे, बघून घ्या. आजार मला आहे. कॅन्सर." बास, एवढंच. उत्तराची वाट बघायची नाही, पुढचं दार. म्हातारा मागून "जग्या, पुरे रे, पुरे" म्हणत होता, पण हात सोडवत नव्हता. मी मागे खुर्ची घेऊन फिरत होतो. दर मजल्यावर जगू पाच मिनिटं बसायचा, दम घ्यायचा, परत उठायचा. लोकांचे चेहरे काय सांगू! काहींनी म्हाताऱ्याला चक्क हात लावून पाहिला. मुलाला मात्र एकानेही हात लावला नाही.

मंदाची भीती खोटी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतले डबे बंद झाले. कोणी सांगायलाही आलं नाही. काही घरांनी रिकामा डबा धुऊन दाराबाहेर ठेवला, काहींनी तोही ठेवला नाही. आमच्या बँकेतलेही दोघे कमी झाले. एकाने मला विचारलं, "त्यातून काही येत नाही ना?" मी म्हणालो, "अक्कल आली तर आली." तो सोडून गेला, पण बाकीचे टिकले, आणि मी दुसऱ्या ब्रँचमधले आणखी काही जण आणले. त्यांना आधीच खरं सांगून आणले. भले चार कमी मिळोत, पण लपवून एकही डबा द्यायचा नाही, असं आता मंदाच म्हणायला लागली होती.

कर्णिकांचं म्हणणं, सोसायटीची फसवणूक झाली. मृत्यूसारख्या गंभीर बाबतीत दिशाभूल! त्यांनी सभा घेतली. जगू आला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. "फळ्यावर लिहिलंत ते चुकीचं होतं, हे फळ्यावर लिहा," एवढीच जगूची मागणी होती. कर्णिक म्हणाले, "फळा सोसायटीचा आहे, तुमच्या आजाराच्या जाहिरातीसाठी नाही." मी तिथे काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जगू मात्र शांत होता. सभा संपल्यावर त्याने खडू उचलला आणि लिहिलं: "माझे वडील जिवंत आहेत. कॅन्सर मला आहे. डबे माझी बायको करते." कर्णिकांनी संध्याकाळी ते पुसलं. सकाळी ते पुन्हा होतं. पुसलं की पुन्हा. हे जवळजवळ महिनाभर चाललं. शेवटी कर्णिकांचा हात थकला. जगू म्हणाला, "औषधाने ताकद जाते म्हणतात. खडूपुरती राहिली बघ."

डबे हळूहळू परत आले. दोन घरं, मग आणखी एक. "आमच्या ह्यांना बाहेरचं पचत नाही हो," म्हणत लेलेकाकूही आल्या. माफी कोणी मागितली नाही. मंदाने कोणाला नाही म्हटलं नाही. मी म्हटलं असतं.

औषधं संपली आणि दोनेक महिन्यांनी जगूच्या डोक्यावर लव दिसू लागली. आधी नुसती सावली, मग मऊ, बारीक, आणि गंमत म्हणजे कुरळी. पूर्वीचे त्याचे केस सुतासारखे सरळ होते. सोनूकाका गावाला गेलेच नव्हते. मरायचं नाटक मोडल्यावर त्यांना राहायला हरकत नव्हती. रोज सकाळी ते चाळिशीच्या मुलाला पाटावर बसवायचे आणि वाटीतलं खोबरेल कोमट करून त्याच्या डोक्याला चोळायचे. जगू कुरकुरायचा, "बाबा, कामावर जायचंय, तेल ओघळतं." म्हातारा ऐकायचा नाही. "गप ऱ्हव. ह्या जावळ तुझा. पयला मामान काढल्यान. ह्या कोणाक काढूक दिवचंय नाय."

एकदा मी तिथेच बसलो होतो. तेल लावता लावता म्हातारा थांबला. "जग्या, माझा आयक. मी गेल्यावर केसांका हात लावू नको."

"काहीतरीच काय," जगू म्हणाला.

"काहीतरी नाय. ह्या डोक्या मी एकदा बघलंय. माझ्यासाठी पुन्ना तसा करू नको." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमीय आयकलास."

मी हो म्हणालो. म्हाताऱ्याने परत तेलात बोटं बुडवली.

पुढच्या वर्षी सोनूकाका गेले. घाटकोपरलाच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. यावेळी माणसं खऱ्या समाचाराला आली, जुन्याच वाक्यांसकट. दहाव्याला स्मशानाजवळच्या घाटावर आम्ही सात-आठ जण होतो. कर्णिकही होते. त्यांची रीत कधी चुकत नसे. न्हावी पेटी उघडून बसला होता. जगू त्याच्यासमोर मांडी घालून बसला, न्हाव्याने ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, तसा जगूने तो मनगटाला धरून खाली घेतला.

"दाढी कर. वर हात लावू नको."

भटजींनी मान वर केली. "धुरी, क्षौर करावं लागतं. शास्त्र आहे."

"असेल. शास्त्राला सांगा, माझ्या बापाने नको म्हटलंय."

न्हावी वस्तरा हातात धरून कधी भटजींकडे, कधी जगूकडे बघत राहिला. मागे कर्णिक शेजारच्या माणसाला म्हणाले, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "जन्मदात्या बापासाठी मूठभर केस जड झाले याला. तेव्हा उगीच ढोंग केलं, आता खरं आहे तर..."

मी उठलो. खरं सांगतो, त्या दिवशी घाटावर मी त्या माणसाची कॉलर धरली असती. जगूनेच मला हाताने खाली बसवलं. मला वाटलं, आता हा बोलणार, सगळं काढणार, फळा, कप, रिकाम्या खुर्च्या. तो मागे वळला. आवाज चढवला नाही.

"कर्णिक," तो म्हणाला, "माझा बाप जिवंत होता तेव्हा माझं डोकं बघून तुम्ही त्याच्यासाठी रडलात. आज तो मेलाय. आज तरी माझ्या डोक्याकडे बघू नका. त्याच्याकडे बघा."

समोर केळीच्या पानावर म्हाताऱ्याच्या नावाचे पिंड ठेवले होते. कर्णिकांनी कुठे पाहिलं ते मी पाहिलं नाही. न्हाव्याने जगूची दाढी केली आणि पेटी बंद केली. भटजी थोडा वेळ घुटमळले, मग त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला, आणि जगू हात जोडून बापासमोर वाकला.